लॉनमधलं गवत नेमकं कोणतं? रंग सोडा, जिव्हिका आणि पेर बघा

प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांपूर्वी बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी, म्हणून लावलेल्या लॉनमध्ये आता तीन तऱ्हेची गवतं दिसतात. बहुतेक भागात मूळचं बारीक पानांचं गवत आहे. पाणी साचतं त्या कोपऱ्यात रुंद, फिकट पानांचं गवत पसरलंय. आणि मधूनमधून हातभर रुंदीचे चकचकीत ठिपके आहेत, पानं मात्र बर्म्युडासारखीच बारीक. विहिरीचं पाणी थोडं खारट आहे आणि हे ठिपके त्या पाण्यावर उलट जास्त टवटवीत दिसतात. तणनाशक मारण्याआधी कोणतं काय आहे ते ओळखायचंय, पण फोटो पाहून सगळी सारखीच वाटतात.

आधी ओळख आणि मग औषध हा क्रम तुम्ही धरलात, हे फार चांगलं केलंत. एमएसएमए हे तणनाशक बर्म्युडा आणि झोयसिया ही लॉनची गवतं सोसतात, पण तेच सेंट ऑगस्टिन, सेंटिपीड किंवा बहिया या दुसऱ्या लॉन-गवतांवर पडलं तर लॉनच करपतं. अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचं गणित उलटं. ते सेंट ऑगस्टिन आणि सेंटिपीडमध्ये वापरतात, पण जोमात वाढणाऱ्या बर्म्युडाला त्याने इजा होते. (या दोन्हींवर देशोदेशी वेगवेगळे निर्बंध आहेत, ते आधी तपासा.) कापणीचंही तसंच आहे. संकरित बर्म्युडा दीड-दोन सेंटिमीटरवर खुलतं. सेंट ऑगस्टिनला ६ ते १० सेंटिमीटर उंची लागते, त्याला बर्म्युडाच्या मापाने कापलं तर नुसती उघडी खोडं उरतात.

आता तुमची अडचण. उभ्याने बघितलं की आपल्याला रंग, दाटी आणि पानाची रुंदी दिसते, आणि नेमक्या याच तीन गोष्टी सगळ्यात जास्त बदलतात. नत्र दिलं की फिकट गवत गडद होतं. सावलीत पान लांबतं, विरळ होतं. वारंवार खालून कापलं की तेच गवत बारीक पानांचं दिसायला लागतं. निगेने जे बदलतं ते ओळखीचा पुरावा म्हणून धरायचं नाही, हा नियम मी गेली कित्येक वर्षं पाळतो. निगेने न बदलणाऱ्या खुणा गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत.

हा नियम मी एक लॉन गमावून शिकलो. सुरुवातीच्या काळात एक पिवळट हिरवं लॉन माझ्याकडे आलं. मला ते उपाशी बर्म्युडा वाटलं, म्हणून नत्राचे हप्ते वाढवले. दोन महिने ते हिरवंगार झालं आणि पुढच्या हंगामात चकत्या-चकत्यांनी मरायला लागलं. ते सेंटिपीड होतं. कच्च्या सफरचंदासारखा पिवळट हिरवा हा त्याचा मूळचा रंग, आणि नत्राची त्याची भूक बर्म्युडाच्या निम्म्याहूनही कमी असते. एक काडी उपटून पाहिली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

ओळखीला लागणारं सामान थोडंच आहे: धारदार चाकू, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक पांढरा कागद. नमुना लॉनच्या मधोमध घेऊ नका. तिथे यंत्राने पानांची टोकं छाटलेली असतात, आणि टोकाचा आकार ही महत्त्वाची खूण आहे. फरशीची कड, झाडाचं आळं, कुंपणाचा तळ, जिथे यंत्र पोहोचत नाही तिथलं घ्या. आणि नुसतं पान खुडू नका. जमिनीवरून किंवा जमिनीखालून धावणाऱ्या खोडाचा वीतभर तुकडा, त्याला लागलेल्या दोन-तीन फुटव्यांसकट, अलगद सोडवून घ्या. माती धुऊन कागदावर ठेवा.

गवताच्या पानाचे दोन भाग असतात. वरचं पातं आपल्या ओळखीचं. खालचा भाग खोडाला वेढून बसतो, ते आवरण. दोन्ही जिथे जुळतात ती मान. पातं हळूच मागे वाकवलं की मानेच्या आतल्या बाजूला, पातं आणि खोड यांच्या बेचक्यात, एक इवलीशी पट्टी किंवा केसांची झालर दिसते. तिला जिव्हिका म्हणतात, इंग्रजी वळणाने लिग्यूल. गवत ओळखणाऱ्याची नजर आधी इथे जाते, कारण खत, पाणी, सावली, कापणी यांपैकी कशानेही जिव्हिकेची जात बदलत नाही. केसांची असेल तर केसांचीच राहते, पापुद्र्याची असेल तर पापुद्र्याचीच.

बर्म्युडा, झोयसिया, सेंट ऑगस्टिन, कार्पेट ग्रास, बफेलो ग्रास आणि किकुयू यांची जिव्हिका केसांची असते. समुद्रकाठचं पास्पालम आणि बहिया यांची पातळ पापुद्र्याची. सेंटिपीड मधलं: आखूड पापुद्रा आणि त्याच्या काठावर बारीक केस. कार्पेट ग्रासचे केस बुडाशी एकमेकांना जुळलेले असतात, त्यामुळे ते नवख्याला फसवतं. भिंगाखाली एक-दोन नव्हे, निदान पाच काड्या बघा. जुन्या पानांची जिव्हिका फाटलेली, झिजलेली असते, म्हणून वरून दुसरं किंवा तिसरं पान निवडा.

मानेच्या दोन्ही बाजूंनी खोडाला मिठी मारणारे नखासारखे कान काही गवतांना असतात. मी सांगतोय त्या उष्ण हंगामी लॉन-गवतांपैकी एकालाही असे कान नसतात. म्हणून कान दिसले की समजायचं, हे थंड हंगामातलं कुणीतरी आहे. हिवाळ्यात हिरवळ टिकावी म्हणून वरून पेरलेलं रायग्रास असण्याची शक्यता सर्वांत मोठी. त्याच्या पात्याची खालची बाजू तेल लावल्यासारखी चकाकते.

जिव्हिकेनंतर कोवळं पान कळीत कसं बसलंय ते बघायचं. ते मधोमध घडी घालून बसलेलं असतं किंवा सुरळीसारखं गुंडाळलेलं. यासाठी भिंगही लागत नाही. फुटव्याचा खालचा भाग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फिरवा. गोल फिरला तर सुरळी. चपटा लागला, फिरताना अडखळला, तर घडी. खात्री करायची असेल तर ब्लेडने आडवा छेद घ्या. घडी असेल तर व्हीसारखा आकार दिसतो आणि सुरळी असेल तर चक्र. सेंट ऑगस्टिन, सेंटिपीड, कार्पेट ग्रास यांची घडी इतकी ठळक असते की फुटवाच दाबल्यासारखा चपटा दिसतो. बर्म्युडाचीही घडीच, पण फुटवा इतका बारीक असतो की बोटांना ती सहज कळत नाही. झोयसिया आणि बफेलो ग्रास यांची सुरळी.

तिसरी खूण धावणारं खोड. बर्म्युडा, झोयसिया, समुद्रकाठचं पास्पालम आणि किकुयू जमिनीवरूनही धावतात आणि जमिनीखालूनही. सेंट ऑगस्टिन, सेंटिपीड, कार्पेट ग्रास आणि बफेलो ग्रास फक्त जमिनीवरून धावतात. म्हणून बारीक पानांच्या गवताखाली खुरपं घातलं आणि मातीत पांढरी, टोकदार, खवल्यांची खोडं लागली की अर्धी यादी तिथेच गळते. बहियाचं वेगळंच. त्याची खोडं आखूड, जाड, जुनी आवरणं चिकटलेली, लाकडासारखी टणक, आणि मातीच्या पृष्ठभागालाच अर्धी उघडी. पायाखाली त्यांची गाठाळ जाणीव होते.

खोडाच्या पेरांकडे नीट बघा. सेंट ऑगस्टिनच्या जाड, चपट्या खोडावर पेरापाशी पानं समोरासमोर जोडीने येतात. सेंटिपीडच्या पेरावर एक पान एका बाजूला, पुढच्या पेरावर दुसऱ्या बाजूला, असं आलटून पालटून. खोडापासून बाजूंना सुटलेले आखूड फुटवे पाहिले की त्याला सेंटिपीड, म्हणजे गोम, हे नाव का पडलं ते लगेच पटतं. बर्म्युडाच्या खोडात काही कांड्या इतक्या आखूड असतात की दोन-तीन पेरं एकत्र आल्यासारखी वाटतात आणि एकाच ठिकाणाहून पानांचा झुबका निघतो.

पुष्कळदा घोटाळा होतो तो बर्म्युडा आणि झोयसिया यांच्यात. दोघांच्या जिव्हिकेला केस, दोघांची खोडं वरून आणि खालून. इथे तळहात वापरा. गवतावरून हात फिरवला की बर्म्युडा दबतं, झोयसिया टोचतं. झोयसियाचं पातं ताठ असतं, खोडाशी जवळजवळ काटकोन करून उभं राहतं, आणि दाट झोयसियावर अनवाणी चाललं तर पायाला ते जाणवतं. मग वरच्या बाजूने, बुडाजवळ, पातं भिंगाखाली धरा. झोयसियाला तिथे विरळ, लांब, सरळ उभे केस दिसतील. आणि फुटवा फिरवून बघा, झोयसियाचा गोल लागेल. रुंदी इथे झोयसियाच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखायला उपयोगी पडते: झोयसिया जॅपोनिकाचं पातं २ मिलिमीटरपासून ५ किंवा त्याहून थोडं जास्त, मॅट्रेलाचं साधारण दीड ते अडीच, आणि पॅसिफिकाचं एक मिलिमीटरहूनही कमी, सुईसारखं. न कापलेलं पॅसिफिका वर्षा-दोन वर्षांत उंचवट्यांचं, उशीसारखं होतं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही.

तुमच्या चकचकीत ठिपक्यांसाठी मात्र दुसरी जोडी महत्त्वाची: बर्म्युडा आणि समुद्रकाठचं पास्पालम, शास्त्रीय नाव पास्पालम व्हॅजिनॅटम. ही खरोखर फसवी जोडी आहे. खाली कापलेल्या मैदानावर मीही उभ्याने खात्रीने सांगत नाही. पात्याची रुंदी जवळपास सारखी, २ ते ४ मिलिमीटर. पण पास्पालमच्या जिव्हिकेला पापुद्रा आहे आणि बर्म्युडाच्या जिव्हिकेला केस. पास्पालमच्या पापुद्र्याच्या मागे थोडे लांब केस असतात, ते पाहून घाईने बर्म्युडा म्हणू नका, केसांच्या पुढे पापुद्रा आहे का ते बघा. पास्पालमचं पातं मेणचट चमकतं, कापल्यावर त्यावर यंत्राचे पट्टे जास्त उठून दिसतात. आणि खारं पाणी लॉनच्या गवतांमध्ये ते सर्वांत जास्त सोसतं, म्हणूनच समुद्रालगतच्या गोल्फ मैदानांवर त्याची लागवड होते. खारटपणा हा ओळखीचा पुरावा नाही, पण कुठे शोधायचं ते त्यावरून कळतं.

तरीही शंका उरली तर तुऱ्याची वाट बघा. तुरा हा शेवटचा शब्द. बर्म्युडाचा तुरा पंजासारखा, एकाच बिंदूतून निघालेली ३ ते ७ बारीक बोटं. पास्पालमला दोन बोटं, इंग्रजी व्हीसारखी. बहियालाही व्हीच, क्वचित तिसरं बोट, पण हातभर उंच दांड्यावर, आणि दाणे चपटे, गोलसर, चकचकीत. झोयसियाची एकच सरळ, बारीक काडी, दाणे तिला घट्ट चिकटलेले. सेंटिपीडचीही एकच काडी, जांभळट झाक असलेली. सेंट ऑगस्टिनची काडी जाड आणि चपटी, दाणे एका बाजूला खोबणीत बसवल्यासारखे. कार्पेट ग्रासला वर दोन बोटं आणि त्यांच्या थोडं खाली तिसरं. बफेलो ग्रासमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी. नराचा तुरा झेंड्यासारखा पानांच्या वर येतो, मादीची गोंडेदार बोंडं पानांतच खाली लपलेली. किकुयूचा तुरा तर आवरणातून बाहेरच येत नाही, फक्त पुंकेसरांचे पांढरे तंतू सकाळी कापलेल्या हिरवळीवर कापूस विखुरल्यासारखे दिसतात.

लॉन सतत कापलं जात असेल तर तुरा कसा मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. माझी पद्धत अशी. शंकेच्या ठिकाणाहून मूठभर गवत मुळांसकट काढतो आणि कुंडीत लावून उन्हात, न कापता, महिना-दीड महिना ठेवतो. शेजारच्या कुंडीत खात्रीचं गवत लावतो. दोघांना सारखंच पाणी, सारखंच ऊन. एवढ्या काळात निगेमुळे आलेला सारखेपणा गळून पडतो आणि दोन जाती असतील तर कुंड्या वेगळ्या दिसायला लागतात.

आता रुंद पानांची. पाणथळ कोपरा म्हटल्यावर मला आधी कार्पेट ग्रास आठवतं, कारण ओलसर, आम्ल जमिनीत ते खुशाल वाढतं. त्याच्याशी गल्लत होते ती सेंट ऑगस्टिनची. दोघांची टोकं बोथट, फुटवे चपटे, जिव्हिका केसांची. सेंट ऑगस्टिनची मान बघा: तिथे पातं एकदम अरुंद होऊन देठासारखं होतं आणि जवळजवळ पाव वळसा घेऊन वळतं. ही पीळ घेतलेली मान मला या सगळ्या गवतांत सर्वांत भरवशाची वाटते. अशी मान कार्पेट ग्रासला नाही. रुंद पानांच्या कार्पेट ग्रासच्या, म्हणजे अ‍ॅक्सोनोपस कॉम्प्रेससच्या, खोडाच्या पेरांवर केसांचे झुपके असतात, ती त्याची ओळख. आणि फिकट पानांचं हे गवत सेंटिपीड निघालं तर पातं ३ ते ५ मिलिमीटरचं, बुडाकडच्या काठांवर तुरळक केस, आणि जिव्हिकेला तो आखूड पापुद्रा.

नावांवर मात्र भिस्त ठेवू नका. अमेरिकेत ज्याला बफेलो म्हणतात ते राखाडी हिरवं, बारीक, कुरळ्या पानांचं कोरड्या मैदानातलं गवत. ऑस्ट्रेलियात बफेलो म्हटलं की सेंट ऑगस्टिन. बर्म्युडाला ऑस्ट्रेलियात काउच म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत क्वीक, आणि मराठीत आपण हरळी किंवा दूर्वा. एकाच गवताबद्दल दोन माणसं बोलताहेत की दोन गवतांबद्दल, हे शास्त्रीय नाव विचारल्याशिवाय कळत नाही. सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हटलं की जगभर एकच गवत.

तण म्हणून शिरणारी दोन-तीन गवतंही तपासून घ्या, कारण त्यांचा तुराही पंजासारखाच असतो आणि बर्म्युडा समजून लोक त्यांना सांभाळत बसतात. एल्युसिन इंडिका, म्हणजे गूसग्रास, ठोंबाने वाढतं, धावत नाही, आणि ठोंबाचा मध्य चपटा, पांढरट असतो. क्रॅबग्रासची खोडं पेरांवर मुळं सोडतात, पण जिव्हिका उंच, पापुद्र्याची असते आणि पानाची सुरळी. डॅक्टिलोक्टेनियम या तिसऱ्या तणाच्या पंजाचं प्रत्येक बोट टोकाला उघड्या काट्यात संपतं.

एका गोष्टीची अपेक्षा मात्र भिंगाकडून करू नका. बर्म्युडाचा वाण नजरेने ठरवता येत नाही. टिफग्रीन १९५६ मध्ये आलं आणि टिफवे १९६० मध्ये. दोन्ही अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या पैदासकारांनी सामान्य बर्म्युडा आणि आफ्रिकी बर्म्युडा यांच्या संकरातून पुढे आणलेले वाण. सामान्य बर्म्युडात ३६ गुणसूत्रं, आफ्रिकीत १८, संकरात २७, म्हणून संकर वांझ. तुरे येतात, उगवणारं बी येत नाही. त्यामुळे बी पेरून उगवलेलं बर्म्युडा हे संकरित नाही, एवढं नक्की म्हणता येतं. पण काड्यांनी लावलेल्या दोन संकरांत फरक करायचा असेल तर जनुकीय चाचणीच लागते. ठिपक्यांचा पोत वेगळा पण जिव्हिका, पेर, तुरा तोच, असं आढळलं तर तो बर्म्युडाचाच दुसरा वाण असू शकतो, आणि त्यावर निवडक तणनाशक चालणार नाही. ते ठिपके खणून काढून तिथे मूळ वाणाच्या काड्या लावाव्या लागतील.

तुमच्या तीन जागांसाठी आता एवढंच करा. चकचकीत ठिपक्यातल्या पाच काड्यांची पाती मागे वाकवून जिव्हिका बघा. पापुद्रा दिसला आणि कुंडीतल्या रोपाला दोन बोटांचा तुरा आला, तर ते पास्पालम. पाणथळ कोपऱ्यातलं खोड हातात घेऊन आधी पातं मानेपाशी वळलंय का बघा, मग पेरांवर केस आहेत का. आणि मूळचं बारीक गवत खरंच बर्म्युडा आहे ना, तेही एकदा तपासा: जिव्हिका केसांची, पातं मऊ, खोडं मातीखालीही, तुऱ्याला तीनपेक्षा कमी बोटं नाहीत. ठिपके पास्पालमचे निघाले आणि पाणी कायम खारटच राहणार असेल, तर मी ते मारायची घाई करणार नाही. आधी एक हंगाम त्यांच्या शेजारचं बर्म्युडा त्या पाण्यावर कसं टिकतंय ते बघेन आणि मग कोणतं गवत ठेवायचं ते ठरवेन.